थंडीच्या यंत्राची तपासणी कोणी करावी?

वैशाखातल्या लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. सरबतासाठी तालुक्याच्या गावाहून बर्फाची लादी येते. गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशात लोळवलेली. पोरे भोवती गोळा होतात, खडा फुटून उडाला की तोंडात टाकतात. लादी कुठे तयार झाली, हे त्या गडबडीत कोणी विचारत नाही. हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर होडी समुद्रात जाण्याआधी तिच्यात मासळीसाठी बर्फ भरतात. नाशिक-सांगलीकडची द्राक्षे शीतगृहात थांबून मग दूरच्या प्रवासाला निघतात. गावोगावचे दूध शीतकरण केंद्रावर गार होऊन शहराकडे जाते. म्हणजे थंडी ही आता केवळ शहरी चैनीची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या दुधाचा, मासळीचा आणि फळांचा भाव तिच्यावर अवलंबून आहे.

या थंडीच्या मागे एक यंत्र असते, आणि त्या यंत्राच्या पोटात मोठा दाब असतो. ते यंत्र धड आहे की नाही हे कोणी सांगायचे, एवढ्या एका प्रश्नाचा आज विचार करू.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. आपल्या घरचा माठ पाणी गार कसे करतो? माठ झिरपतो, बाहेर आलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती हवेत जाते, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ होताना उष्णता खेचली जाते, हा निसर्गाचा नियम आहे. बर्फाच्या कारखान्यात हेच काम पाण्याऐवजी बहुधा अमोनियाकडून करून घेतात. अमोनिया उघड्या हवेत शून्याखाली ३३ अंशांवरच उकळतो, म्हणून तो फार मोठी थंडी निर्माण करू शकतो.

पण माठातले पाणी उडून गेले तर आपण दुसरी घागर ओततो. अमोनियाचे तसे करता येत नाही. तो पैसे देऊन आणलेला असतो, आणि श्वासात गेला तर घातक असतो. म्हणून त्याची वाफ पकडून तिचा पुन्हा द्रव करावा लागतो. त्यासाठी कॉम्प्रेसर नावाचा पंप ती वाफ दाबून लहान जागेत कोंबतो. दाबलेली वाफ तापते. पुढे कंडेन्सरमध्ये पाण्याने तिला निववले की तिचा द्रव होतो. हा द्रव एका टाकीत साठतो, आणि एका बारीक झडपेतून पुन्हा थंडीच्या नळ्यांत सोडला जातो. असे हे रहाट फिरत राहते. थंडी एका टोकाला मिळते, आणि तिची किंमत म्हणून दुसऱ्या टोकाला दाब सांभाळावा लागतो.

हा दाब किती असतो? आपल्याकडच्या उन्हाळ्यात द्रव साठवणाऱ्या टाकीत दर चौरस सेंटिमीटरला १४ ते १५ किलोपर्यंत दाब चढू शकतो. मालट्रकच्या टायरमध्ये सात-आठ किलो हवा असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचे गोल झाकण घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस सेंटिमीटर भरते. त्याला १४ ने गुणा. उत्तर येईल ३९ हजार किलोंच्या वर, म्हणजे जवळजवळ ४० टन. कारखान्याच्या कोपऱ्यात मुकाट पडून असलेल्या त्या टाकीच्या झाकणावर आतून ४० टनांचा रेटा बसलेला असतो. दिवसाही आणि रात्रीही.

आता अमोनियाची ओळख. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो आणि नाकात झणझणते. उन्हाळ्यात बंद गोठ्यात पहाटे गेलो की डोळे चुरचुरतात. ही दोन्ही त्याच वायूची पुसट रूपे आहेत. त्याचा एक गुण असा की तो नाकाला लवकर कळतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी माणूस ओळखतो. ३०० भाग झाले की जिवाला धोका समजतात. ओल्या जागेची त्याला भारी ओढ. म्हणून डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे यांच्यावर तो आधी तुटून पडतो. आणि त्याची एक अडचण अशी की रोज थोडा थोडा वास घेणाऱ्या माणसाला तो वास येईनासा होतो. ही अडचण लक्षात ठेवा. आपल्या आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका बर्फाच्या कारखान्याची तपासणी करायला मी गेलो होतो. गावाचे आणि कारखान्याचे नाव सांगत नाही. तसे कारखाने अनेक असतील. यंत्रावर एक वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणत. बावीस वर्षे त्यांनी ते यंत्र चालवले होते. आवाजावरून ते बेअरिंगचा दोष सांगत. माणूस निर्व्यसनी, कामाला चोख. द्रवाच्या टाकीवर सुरक्षा झडप होती. दाब मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडणारी आणि थोडा वायू सोडून टाकीला वाचवणारी ती झडप. तिच्या आणि टाकीच्या मध्ये एक चाकाची साधी झडप होती. ती मी फिरवून पाहिली, तर पूर्ण बंद.

मी विचारले, “मामा, ही बंद कशी?”

मामा म्हणाले, “साहेब, ती सुरक्षेची झडप सूं सूं करायची. रातभर गॅस वाया जायचा, पोरांचं डोळं चुरचुरायचं. मालकांनी नवी मागवतो म्हटलं. तवर बंद केलीया.”

“किती दिवस झाले?”

मामांनी बोटांवर हिशेब केला. “चार उन्हाळं झालं असतील.”

पुढे दाबमापकाचा काटा पाहिला. त्याची नळी बंद करून आतला वायू सोडून दिला, तरी काटा दहावर तसाच. अडकलेला. म्हणजे चार उन्हाळे त्या टाकीला मोकळे होण्याची वाट नव्हती, आणि दाब किती आहे हे सांगणारा काटाही खोटे सांगत होता. मी दाखवले तेव्हा मामा खाली बसले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांची दोन्ही मुले त्याच कारखान्यात लाद्या काढायला होती.

यात दुष्ट कोणी नव्हता. मामांनी गॅस वाचवला आणि मुलांचे डोळे वाचवले. मालकाने नवी झडप मागवायची ठरवले होते, मग हंगाम आला, लग्ने आली, बर्फाची मागणी वाढली, आणि ती गोष्ट मागे पडली. रोज दिसणारी चूक चार महिन्यांनी चूक वाटत नाही, ती यंत्राचाच भाग वाटू लागते. जसा रोजचा वास येईनासा होतो, तसा रोजचा दोष दिसेनासा होतो. म्हणून यंत्र चालवणाऱ्याने, यंत्राच्या मालकाने आणि यंत्र विकणाऱ्याने त्याची तपासणी जरूर करावी, पण अखेरचा शब्द त्यांचा नसावा. तो बाहेरच्या जाणत्या माणसाचा असावा.

सहकारी सोसायटीत आपण हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. सचिव प्रामाणिक असतो, तरी दरवर्षी लेखापरीक्षक येऊन वह्या तपासतो. त्यात सचिवाचा अपमान आहे असे कोणी मानत नाही. उलट चांगला सचिव म्हणतो, “येऊ द्या, माझ्या नजरेतून काही सुटले असेल तर कळेल.” यंत्राच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, “आमचा मिस्त्री जुना आहे, त्याला सगळे ठाऊक आहे.” पैशाच्या वहीला बाहेरची नजर लागते, मग ४० टनांचा रेटा सांभाळणाऱ्या टाकीला का लागू नये?

जगाने हा धडा वाफेच्या बॉयलरपासून घेतला. इंग्लंडात कापडगिरण्यांचे बॉयलर वारंवार फुटत आणि माणसे मरत. तेव्हा १८५४ साली मँचेस्टरला विल्यम फेअरबेर्न या अभियंत्याच्या पुढाकाराने स्फोट टाळण्यासाठी एक संघ निघाला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की तपासनीस एका गिरणीचा नोकर नव्हता, तो संघाचा होता. आपल्या देशात १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलरचा भीषण स्फोट होऊन कित्येक जण दगावले. पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर-तपासणीचा कायदा केला. १९२३ साली सबंध देशासाठी कायदा झाला, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. बॉयलर तापतो, धुरकटतो, म्हणून त्याची भीती वाटते. थंडीच्या यंत्रावर दव साचलेले असते, हात लावला तर गार लागते, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण दाबाला ऊन आणि गार यांच्यात फरक वाटत नाही.

थंडीच्या यंत्रासाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात ३१ वे कलम होते. दाबाखाली चालणारे यंत्र सुरक्षित मर्यादेत ठेवण्यासाठी परिणामकारक उपाय करावेत, असा त्याचा आशय. त्याखालच्या नियमांनी ठरावीक मुदतीने ‘सक्षम व्यक्ती’कडून तपासणी आणि तिची लेखी नोंद सांगितली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. नाव बदलले तरी दाबाखालच्या यंत्राची बाहेरच्या जाणत्याकडून तपासणी व्हावी, ही गरज बदललेली नाही. मात्र कमी माणसांवर चालणारे छोटे कारखाने अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहू शकतात. गावाकडचे बर्फाचे कारखाने बहुधा मोजक्या माणसांवरच चालतात. टाकी फुटताना हजेरीपट मोजून फुटत नाही. अशा ठिकाणी मालकाने, सोसायटीने आणि गावानेच तपासणीचा आग्रह धरला पाहिजे.

चांगला तपासनीस काय काय पाहतो? तो आधी टाकीवरची धातूची पाटी वाचतो. टाकी कोणी, केव्हा, किती दाबासाठी बनवली हे तिच्यावर असते. पाटी नसेल तर त्याच्या कपाळावर आठी पडते. मग तो पत्र्याची जाडी मोजतो. त्यासाठी टाकी कापावी लागत नाही. ध्वनिलहरी आत सोडून, त्या परत यायला किती वेळ लागतो त्यावरून जाडी सांगणारे हातात मावणारे उपकरण मिळते. थंड नळ्यांवर उष्णता अडवण्यासाठी जाड वेष्टण असते. त्यात कुठे फट पडली की हवेतला दमटपणा आत शिरतो, पाणी होते आणि लोखंड गुपचूप गंजते. बाहेरून वेष्टण पांढरेशुभ्र, आत नळी चाळणी. म्हणून काही ठिकाणी वेष्टण उघडून पाहावेच लागते.

सुरक्षा झडप तो काढायला लावतो आणि ठरलेल्या दाबाला उघडते की नाही ते चाचणीच्या बाकावर पाहतो. दाबमापक दुसऱ्या खात्रीच्या मापकाशी ताडून बघतो. दाब वाढला की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारी कळ खरोखर बंद करते का, हे समोर करून दाखवायला सांगतो. नळीत कुठे पितळ किंवा तांबे वापरले आहे का, हेही पाहतो, कारण अमोनिया त्या धातूंना खातो, तिथे पोलाद हवे. दोन झडपांच्या मध्ये द्रव अमोनिया कोंडला जाऊ शकेल अशी जागा आहे का, याचीही तो चौकशी करतो. कोंडलेला द्रव जरासा तापून फुगला तरी जाड नळी उकलते. सांधे गळतात का हे पाहण्यासाठी पूर्वीपासून गंधकाची पेटती काडी सांध्याजवळ धरतात. अमोनिया असला की दाट पांढरा धूर होतो. भिजवलेला तांबडा लिटमस कागद निळा होतो, हा प्रयोग तर शाळेतही होतो.

काही वर्षांनी टाकीची दाबाची परीक्षा घ्यावी लागते. ती शक्यतो पाणी भरून घेतात. पाणी दाबले जात नाही, म्हणून टाकी दगा देऊ लागली तर पाणी नुसते गळते, स्फोट होत नाही. जिथे आत पाणी चालत नाही तिथे कोरडा नायट्रोजन फार जपून वापरतात. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडून चाचणी करण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. यंत्रातले तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

एवढे सगळे केल्यावरही एक काम उरते, आणि तेच सर्वांत अवघड आहे. तपासनिसाने लिहिलेले ऐकायचे. कॅनडात फर्नी नावाचे डोंगरी गाव आहे. तिथे नगरपालिकेच्या मालकीचे बर्फावर खेळायचे क्रीडागृह होते. त्याचे शीतयंत्र अमोनियावर चाले, आणि आपल्या बर्फाच्या कारखान्यासारखेच मिठाचे पाणी, म्हणजे ब्राइन, गार करी. त्यातला ब्राइन गार करणारा भाग जुना झाला होता. तो बदलावा अशी शिफारस काही वर्षे आधी झाली होती, पण काम पुढे ढकलले गेले. एका नळीच्या सांधणीला गंजून बारीकसे छिद्र पडले. २०१७ च्या हंगामापूर्वीच ब्राइनमध्ये अमोनिया सापडला होता, म्हणजे यंत्राने स्वतःच्या तोंडाने दुखणे सांगितले होते. तरी खेळाचा हंगाम जवळ आला म्हणून ते पुन्हा सुरू करण्यात आले. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्राइनच्या नळीचा सांधा निखळला, यंत्रघर अमोनियाने भरले आणि तीन कामगार मरण पावले. शेजारची घरे रिकामी करावी लागली. त्या प्रांताच्या सुरक्षा संस्थेने चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. गळके यंत्र पुन्हा चालू करण्याचा निर्णय ही त्यातली एक मुख्य गोष्ट होती. छिद्र बारीक होते. ते कळलेही होते. “थांबा” असे ठासून म्हणण्याचा अधिकार असलेला आणि हंगामाशी देणेघेणे नसलेला माणूस त्या वेळी निर्णयाच्या जागी नव्हता.

आता कोणी विचारील, तपासनिसाची फी मालकच देतो, मग तो स्वतंत्र कसा? प्रश्न रास्त आहे. यावर पूर्ण उपाय नाही, पण काही पथ्ये पाळता येतात. जो यंत्राची दुरुस्ती करतो त्याच्याकडूनच दाखला घेऊ नये. नाहीतर स्वतःच्या कामाला स्वतःच शाबासकी दिल्यासारखे होते. यंत्र न पाहता, टेबलावर बसून सही केलेला दाखला स्वीकारू नये. दाखल्यात टाकीचा क्रमांक, मोजलेली जाडी, झडपेच्या चाचणीचा दाब आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेला कागद काही कामाचा नाही. आणि अहवाल कपाटात पडू नये. दूध संघ किंवा सोसायटी असेल तर वार्षिक सभेत हिशेबाबरोबर तोही वाचून दाखवावा. दहा माणसांनी ऐकलेली गोष्ट पुढे ढकलणे अवघड जाते.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना सहलीला बर्फाचा कारखाना जरूर दाखवा, विज्ञानाचा तो जिवंत धडा आहे. पण आत जाण्याआधी कारखानदाराला तीन गोष्टी विचारा. शेवटची तपासणी केव्हा झाली? गळती झाली तर बाहेर पडायचे दुसरे दार कोणते? नाकावर लावायचे मुखवटे कुठे ठेवले आहेत? मुखवट्यांचे कपाट कुलूपबंद असेल आणि किल्ली मालकाच्या घरी असेल, तर सहल फाटकावरूनच परत न्या. आणि गळती झालीच, तर वारा कुठून येतो ते पाहून त्याला आडवे चालत दूर जावे, ओले फडके नाकातोंडावर धरावे, डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. गार म्हणून कोणी त्या सांडलेल्या द्रवाजवळ जाऊ नये.

त्या घाटावरच्या कारखान्यात पुढे काय झाले ते सांगून संपवतो. यंत्र त्याच दिवशी बंद केले. मालक चिडले, कारण दुसऱ्या दिवशी तीन लग्नांच्या लाद्या द्यायच्या होत्या. त्या त्यांनी शेजारच्या तालुक्यातून आणून दिल्या, तोटा सोसला. आठ दिवसांनी नवी झडप आणि नवा दाबमापक बसला, आणि टाकीची जाडीही मोजून झाली. मामांनी भिंतीवर डांबराने मोठ्या अक्षरांत तपासणीची तारीख लिहिली आणि खाली पुढची तारीख लिहिली. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा ते फाटकावरच भेटले आणि म्हणाले, “साहेब, दोन दिस उशीर केलासा.”

तुमच्या तालुक्यातल्या बर्फाच्या कारखान्यात अशी तारीख कुठे लिहिली आहे का, ते पुढच्या खेपेला लादी आणायला जाल तेव्हा पाहा. दिसली नाही तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.